ओकमधली पांढरी रिओहा नीट प्यायची तर: बाटली निवडण्यापासून उरलेली जपण्यापर्यंत

पांढरी रिओहा, म्हणजे स्पेनच्या रिओहा प्रदेशातली, ओकच्या लाकडी पिंपात (बॅरलमध्ये) मुरलेली पांढरी वाइन, आणली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, काढल्या काढल्या उघडली, छोट्याशा ग्लासात काठोकाठ ओतली आणि दोन घोटांत निकाल दिला की "खराब झालीये ही" किंवा "नुसतं लाकूड लागतंय". हे इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं एकदाच क्रमानं लिहून काढतो. बहुतेक वेळा बाटलीत काहीच बिघडलेलं नसतं. ताज्या, फळाच्या चवीच्या पांढऱ्या वाइनला जे नियम चालतात तेच लोक हिला लावतात आणि तिथंच सगळं फिसकटतं. प्रदेशाचा इतिहास आणि कौतुक इथं सापडणार नाही, फक्त काय करायचं, कधी करायचं आणि कुठं हमखास चुकतं एवढंच.

१. द्राक्ष आणि जागा, कामापुरती

रिओहा हा स्पेनच्या उत्तरेचा, एब्रो नदीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला प्रदेश. त्याचे तीन भाग आहेत, रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि रिओहा ओरिएंताल. तिसऱ्याचं नाव आधी रिओहा बाहा होतं, त्यामुळे जुन्या बाटलीवर किंवा जुन्या पुस्तकात ते दिसलं तर वेगळा प्रदेश समजू नका. उत्तरेची सिएरा कांताब्रिया डोंगररांग अटलांटिककडून येणारा गार, ओला वारा बराचसा अडवते, तरी पश्चिमेला आरो गावाच्या बाजूला गारवा राहतोच, आणि पूर्वेला आल्फारोकडे जाल तसं ऊन आणि कोरडेपणा वाढत जातो. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ इतकाच की गार बाजूच्या द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि बॅरलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या पांढऱ्या वाइनला उभं ठेवणारी गोष्ट म्हणजे हा आंबटपणा.

मुख्य द्राक्ष विउरा. हेच द्राक्ष कातालोनियात माकाबेओ नावानं ओळखतात आणि तिथं ते कावा ही फेसाळ वाइन बनवायला वापरतात. वेलीला कोंब उशिरा फुटतात, घड मोठे आणि गच्च असतात, पीक भरपूर येतं आणि मोकाट सोडलं तर वाइन पाणचट होते. म्हणून जुन्या वेली आणि कमी पीक असलेल्या मळ्याची विउरा आणि सपाट जमिनीवरची भरमसाट पिकवलेली विउरा यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. वास मुळातच मंद, सफरचंद, लिंबाची साल, थोडी पांढरी फुलं. गंमत म्हणजे हा मंदपणाच ओकच्या कामी येतो, कारण द्राक्षाचा स्वतःचा आवाज मोठा नसल्यामुळे बॅरलमधून येणाऱ्या गोष्टींना जागा मिळते, आणि सावकाश हवा लागत गेली तरी विउरा चटकन कोसळत नाही.

सोबतीला बऱ्याचदा थोडी मालवासिया असते, ती सुगंध आणि गोलाई देते. गार्नाचा ब्लांका अंगानं भरलेली, अल्कोहोल जास्त. टेम्प्रानियो ब्लांको हे लाल टेम्प्रानियोच्या एका वेलीवर आपोआप झालेल्या बदलातून आलेलं द्राक्ष, १९८८ मध्ये मुरियो दे रिओ लेसा गावात सापडलं. ते ओकमध्ये घातलेलं मिळतं, पण पहिल्यांदाच घेत असाल तर विउराच घ्या, नाहीतर कशाची चव कुठून येतेय ते कळणार नाही.

इशारा: ही शार्दोने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन समजून पिऊ नका. पिकलेल्या फळाचा भपकारा शोधत बसलात तर निराश व्हाल, आणि तो दोष वाइनचा नसेल.

२. लेबल वाचा, आणि ते काय सांगत नाही तेही बघा

सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. क्रिआन्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा हे वाइन किती काळ मुरवली ते सांगणारे, चढत्या क्रमाचे शब्द लोकांना लाल रिओहामुळे माहीत असतात आणि तेच आकडे पांढऱ्याला चिकटवले जातात. पांढऱ्याचे नियम वेगळे आणि बरेच सैल आहेत.

लाल क्रिआन्साला बॅरलमध्ये किमान १ वर्ष लागतं, पांढऱ्याला ६ महिने पुरतात. लाल रेसेर्वा एकूण किमान ३ वर्षं मुरते आणि त्यातलं किमान १ वर्ष बॅरलमध्ये, पांढऱ्या रेसेर्वाला एकूण २ वर्षं आणि त्यातले ६ महिने बॅरलमध्ये. ग्रान रेसेर्वा लाल असेल तर एकूण ५ वर्षं, पांढरी असेल तर ४. बॅरल म्हणजे साधारण २२५ लिटरचं ओकचं पिंप.

आता खरी मेख. हे सगळे किमान आकडे आहेत. आरो गावातल्या लोपेस दे एरेदिया या उत्पादकाची विन्या ग्राबोनिया लेबलवर साधी क्रिआन्सा आहे, पण ती ४ वर्षं बॅरलमध्ये राहिलेली असते. त्यांचीच विन्या तोंदोनिया पांढरी रेसेर्वा सुमारे ६ वर्षं. मार्केस दे मुरिएता या दुसऱ्या उत्पादकाची कास्तियो इगाय ही पांढरी ग्रान रेसेर्वा, १९८६ सालची, ती तर २१ वर्षं बॅरलमध्ये होती. आणि दुसरीकडे जेमतेम सहा महिने लाकूड बघितलेली क्रिआन्सासुद्धा क्रिआन्साच. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या वाइन बसतात. म्हणून शब्दावर थांबू नका, मागच्या लेबलवर किंवा उत्पादकाच्या माहितीत बॅरलचा काळ शोधा.

मागच्या बाजूला रिओहाच्या नियामक मंडळाची क्रमांक असलेली छोटी पट्टी असते. हिरवी म्हणजे साधी, लाल म्हणजे क्रिआन्सा, गडद तांबडी म्हणजे रेसेर्वा, निळी म्हणजे ग्रान रेसेर्वा. लोक हिरवी पट्टी बघून बाटली परत ठेवतात, आणि इथं चांगल्या बाटल्या हातच्या जातात. बरेच उत्पादक ओकमध्ये आंबवलेली पांढरी वाइन क्रिआन्साच्या चौकटीत बसवायच्या भानगडीतच पडत नाहीत, हिरव्या पट्टीवर विकतात. त्यांच्या लेबलवर "फेर्मेंतादो एन बारिका" म्हणजे बॅरलमध्ये आंबवलेली, किंवा "सोब्रे लिआस" म्हणजे यीस्टच्या गाळावर ठेवलेली, असं काहीतरी लिहिलेलं सापडेल.

"विन्येदो सिंगुलार" दिसलं तर वाइन एकाच ठरलेल्या मळ्यातली, आणि तिथल्या वेली किमान ३५ वर्षांच्या. ओक किती आहे हे त्यावरून अजिबात कळत नाही.

तपासा: लेबलवर "सेमिसेको" किंवा "सेमिदुल्से" नाही ना? या गोडसर पांढऱ्या रिओहा, त्यांच्यासाठी हा लेख नाही. तुम्हाला "सेको" हवीये, किंवा गोडीबद्दल काहीच लिहिलेलं नसलेली.

३. दोन घराण्यांतलं कोणतं हवंय ते आधी ठरवा

ओकमधल्या पांढऱ्या रिओहाचे ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी यावर अवलंबून आहे, त्यामुळे हे न ठरवता पुढे जाऊ नका.

पहिला जुन्या वळणाचा. वाइन आधी तयार होते आणि मग वापरलेल्या, बहुतेक वेळा अमेरिकन ओकच्या बॅरलमध्ये वर्षानुवर्षं मुरत ठेवली जाते. लाकडातून अगदी सावकाश हवा लागत राहते. रंग सोनेरी, कधी अंबरकडे झुकलेला, वास सुका मेवा, मध, मेण, कॅमोमाइल, संत्र्याची वाळलेली साल असा. जुनी बॅरल लाकडाची चव फार देत नाहीत, हे बऱ्याच लोकांना पटतच नाही. तिथं लाकडाचं काम मुख्यतः हवेचं दार किलकिलं ठेवायचं.

दुसरा नव्या वळणाचा. रस थेट बॅरलमध्येच आंबवतात, बॅरल बहुधा फ्रेंच आणि त्यातली काही नवी, आणि नंतर काही महिने गाळ ढवळत ठेवतात. रंग फिका, वास टोस्ट, व्हॅनिला, लिंबू, साय. वाइन बॅरलमध्येच आंबली असेल तर लाकूड जास्त मिसळून जातं, कारण यीस्ट आणि गाळ त्यातलं बरंच काही ओढून घेतात. तयार वाइन नंतर नव्या बॅरलमध्ये ओतली तर लाकूड वेगळं, उघडं लागतं. "नुसतं लाकूड" ही तक्रार येते ती सहसा अशा वाइनबद्दल, किंवा फार लवकर उघडलेल्या बाटलीबद्दल.

अमेरिकन ओकमुळे नारळ आणि व्हॅनिला ठळक येतात, फ्रेंच ओक जरा मसालेदार आणि संयमी. लोण्याचा वास मात्र ओकचा नसतो, तो मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या कामातून येतो. "किती ओकी आहे" म्हणत लोक खरं तर लोण्याबद्दल बोलत असतात, आणि मग पुढच्या वेळी चुकीची गोष्ट टाळतात.

मध्येच बसणारे अपवाद आहेतच. कूने या उत्पादकाच्या मोनोपोल क्लासिकोमध्ये विउराबरोबर थोडी मान्सानिया, म्हणजे दक्षिण स्पेनच्या सानलूकार गावची खारट वळणाची शेरी (वरून अल्कोहोल घातलेली वाइन), घालतात. ती उघडाल तेव्हा पहिल्या प्रकारचे नियम लावा.

माझं मत विचाराल तर सुरुवात दुसऱ्या प्रकारानं करा आणि पहिला नंतर. उलट केलंत तर जुन्या वळणाची वाइन पहिल्याच घोटाला बिघडलेली वाटायची शक्यता दाट.

४. विकत घेताना बाटली हातात घ्या

उजेडाकडे धरून रंग बघा. ४-५ वर्षांची, नव्या वळणाची वाइन फिकट सोनेरी हवी, तीच तपकिरी दिसली तर सोडून द्या. १०-१५ वर्षांची, जुन्या वळणाची वाइन गडद सोनेरी असणारच, तिथं घाबरू नका. म्हणजे नुसता रंग बघून काही कळत नाही, रंग आणि वय आणि प्रकार असं तिन्ही एकत्र धरून बघायचं.

वाइन गळ्यात कुठपर्यंत आहे तेही बघा. तरुण बाटलीत पातळी खांद्यापर्यंत उतरलेली असेल तर बुचानं दगा दिलेला आहे. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी, साखर किंवा काचेचा चुरा नव्हे.

दुकानाच्या खिडकीत उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, विशेषतः पारदर्शक काचेची. पांढऱ्या वाइनला उजेड फार लवकर बाधतो.

सालाबद्दल, म्हणजे द्राक्षं तोडली त्या वर्षाबद्दल, थोडक्यात. रिओहात नियामक मंडळ प्रत्येक सालाला अधिकृत दर्जा देतं, २००१, २००४, २०१० ही "एक्सेलेंते" म्हणजे सर्वोच्च दर्जाची सालं. पण हा दर्जा अख्ख्या प्रदेशाचा, आणि प्रदेशात लाल द्राक्षंच कितीतरी जास्त. पांढऱ्यासाठी जरा गार साल कधीकधी जास्त चांगलं ठरतं. म्हणून सालाच्या तक्त्यापेक्षा उत्पादक बघा.

५. घरी आणल्यावर

लगेच उघडू नका, निदान दोन-तीन दिवस तरी पडू दे, लांबून प्रवास करून आली असेल तर आठवडाभर. जास्त दिवस ठेवायची असेल तर आडवी, अंधारात, आणि तापमान वरखाली होणार नाही अशा ठिकाणी. १२-१४ अंश मिळाले तर उत्तम, पण स्थिर १८ हे दिवसा २५ आणि रात्री १२ असल्या झोक्यापेक्षा केव्हाही बरं. नेहमीच्या फ्रीजमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, तिथं हवा कोरडी असते, बूच सुकतं.

ज्या दिवशी उघडायची त्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा. गाळ आणि खडे तळाला जातात. नव्या वळणाची, ताजी बाटली असेल तर ही पायरी सोडली तरी चालेल.

तपासा: उभी केली? उघडायची वेळ ठरली? तर तापमानाचं गणित आता मागून पुढे करायचं.

६. तापमान, म्हणजे जिथं नव्वद टक्के घोळ होतो

फ्रीजमधलं तापमान साधारण ४ अंश असतं. त्या तापमानाला ओकमधली पांढरी वाइन जवळजवळ मुकी होते. सुगंध बाहेर येत नाही, आंबटपणा टोचतो आणि लाकडातला तुरटपणा उघडा पडतो. मग लोक म्हणतात लाकूड लागतंय. अहो लागणारच, बाकी सगळं तुम्ही गोठवून ठेवलंत.

लक्ष्य असं ठेवा: नव्या वळणाची, बॅरलमध्ये आंबवलेली ११ ते १२ अंशांना, जुन्या वळणाची, लांब मुरलेली १३ ते १५ अंशांना. हो, पंधरा. काही हलक्या लाल वाइन याच तापमानाला पितात.

बाटली फ्रीजमध्ये असेल तर बाहेर काढून साधारण २२ अंशांच्या खोलीत ठेवा, १२ पर्यंत यायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. घाईत असाल तर ग्लासात ओता, ग्लासात वाइन बाटलीपेक्षा खूप लवकर तापते, तळव्यात धरलात तर अजून लवकर. गरम पाण्यात बाटली बुडवायचा उद्योग करू नका, काचेलगतची वाइन तापते आणि मधली गारच राहते.

उलट बाजूनं, बाटली खोलीच्या तापमानाला असेल तर फ्रीजमध्ये तास-सव्वा तास पुरतो. बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसता बर्फ घालू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा नीट पोचत नाही, पाणी हवंच. आणि एकदा गार झाली की बादलीतून बाहेर काढा. जेवणभर बर्फात उभी ठेवली तर दुसऱ्या ग्लासापासून परत तोच मुकेपणा. हॉटेलात वेटर प्रेमानं बाटली परत परत बर्फात नेऊन ठेवतो, त्याला सरळ सांगा की टेबलावरच राहू दे.

थर्मामीटर नसेल तर हात लावून बघा. काचेवर दव धरत असेल तर अजून फार गार आहे. हाताला गार लागते पण बोटं आखडत नाहीत, एवढी झाली की सुरू करा. जराशी जास्तच गार असताना सुरू केलेलं बरं, ती वर येत जाते आणि वाटेत काय काय बदलतं ते कळतं. जास्त गरम झाली की मात्र अल्कोहोल नाकात जातं आणि वाइन सैल लागते.

७. उघडणं

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बाटलीला साधा कॉर्कस्क्रू. दहाच्या पुढची असेल तर बूच मऊ आणि ठिसूळ झालेलं असू शकतं, तिथं दोन पातळ पात्यांचा ओपनर घ्या. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आलटून पालटून हलक्या हातानं सरकवायची, पूर्ण आत गेल्यावर पिळत पिळत वर घ्यायचं. सरळ ओढलंत तर बूच आत पडतं. आत पडलंच तर घाबरू नका, चहाच्या बारीक गाळणीतून हळूहळू ओतून घ्या, वाइनला काही होत नाही.

बुचाच्या वरच्या टोकाला काळसर बुरशी दिसली तर ओल्या कापडानं पुसा. ती तळघरातल्या ओलाव्याची, आतल्या वाइनशी तिचा संबंध नाही. बाटलीचा गळाही आतून पुसून घ्या.

८. पहिला वास: बिघडलीये की अशीच असते?

इथं घाई करू नका, कारण चांगली बाटली मोरीत जाते ती याच पायरीला. थोडीच वाइन ओता, ग्लास न हलवता वास घ्या, मग हलवून परत घ्या.

ओला पुठ्ठा, कोंदट तळघर असा वास आला आणि दहा मिनिटांनी तो कमी होण्याऐवजी वाढला, तर बुचाचा दोष वाइनला लागलेला आहे. उपाय नाही, बाटली परत करा. हा दोष कुठल्याही उत्पादकाच्या बाटलीत येऊ शकतो.

ओढलेल्या काडेपेटीसारखा, थोडा गंधकाचा वास नव्या वळणाच्या वाइनमध्ये बऱ्याचदा असतो. ग्लास जोरात फिरवा, थांबा, पंधरा मिनिटांत जातो.

नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास हलका असेल तर जुन्या वळणात तो खपतो, उलट सुगंधाला वर उचलतो. नाकात झोंबत असेल तर दोष.

आता अवघड भाग, म्हणजे अक्रोड, बदाम, मध, सफरचंदाची फोड कापून ठेवल्यावर येतो तसला वास. हा वास मुद्दाम घडवलेलाही असू शकतो आणि वाइन मेल्याचं लक्षणही असू शकतो. फरक नाकाला नाही, तोंडाला कळतो. घोट घ्या. आंबटपणा जिवंत असेल, तोंडाला पाणी सुटत असेल आणि गिळल्यावर चव लांब जात असेल तर वाइन धडधाकट आहे, तिचा स्वभावच तो. घोट सपाट असेल, सुरुवातीला काहीतरी येऊन मध्येच संपून जात असेल आणि शेवटी कडवट, शिळी चव राहत असेल तर हवेनं खाल्ली. शंका असेल तर ग्लास झाकून अर्धा तास ठेवा. जिवंत वाइन अर्ध्या तासानं सुधारते, मेलेली आणखी खालावते. ही एकच चाचणी लक्षात ठेवलीत तरी बरेच पैसे वाचतील.

इशारा: व्हॅनिला आणि मधाच्या वासामुळे मेंदू गोड चव अपेक्षित धरतो. वाइन कोरडी असते. पहिल्या घोटाला "अरे, गोड नाहीये" असा धक्का बसतो आणि तो लोक आंबटपणाच्या नावावर टाकतात. दुसरा घोट घेईपर्यंत मत देऊ नका.

९. हवा द्या, पण कुणाला किती

पांढरी वाइन डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात) ओततात का, असं विचारून लोक हसतात. ही ओततात. नव्या वळणाची, विशेषतः तीन-चार वर्षांच्या आतली, डिकँटरमध्ये अर्धा तास ठेवली की लाकूड आत बसतं आणि फळ पुढे येतं. डिकँटर आधी थोडा गार करून घ्या, नाहीतर तापमानावर घेतलेली मेहनत वाया.

जुन्या वळणाची, बॅरलमध्ये ४-६ वर्षं काढलेली वाइन हवेला सरावलेली असते, तिला तासभर हवा दिली तरी बिचकत नाही, बऱ्याचदा दुसऱ्या तासातच खरी खुलते. पण फार म्हाताऱ्या, २५-३० वर्षांच्या बाटलीला डिकँटर नको. ती ग्लासात ओता आणि ग्लासातच बदलू द्या, कारण तिथं नाजूक सुगंध उडून जायला वेळ लागत नाही आणि तो परत येत नाही.

ग्लास मोठा, पोटाचा, वर थोडा निमुळता. शॅम्पेनचा उभा ग्लास किंवा लहान तोंडाचा पांढऱ्या वाइनचा ग्लास इथं कामाचा नाही. एक तृतीयांशाच्या वर भरू नका.

१०. चव घ्यायचा क्रम

एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर ओक नसलेली आधी, मग बॅरलमध्ये आंबवलेली, शेवटी लांब मुरलेली. उलट केलं तर आधीच्या बिचाऱ्या पाण्यासारख्या लागतात. लाल वाइनही असेल तर लांब मुरलेली पांढरी हलक्या लालच्या नंतर ठेवायला हरकत नाही, रंगावरून क्रम लावायची सवय इथं उपयोगाची नाही.

एका ग्लासात लक्ष तीन जागी द्या. आधी आंबटपणा कुठं जाणवतो, जिभेच्या कडेला सरळ की मध्येच बोथट. मग लाकूड, ते वेगळं उभं आहे की बाकीच्यात मिसळलंय. मग शेवट, गिळल्यावर चव किती वेळ राहते आणि काय राहते. पहिल्या, विसाव्या आणि चाळिसाव्या मिनिटाला हेच परत करा. मधल्या काळात पिऊन संपवू नका एवढंच.

११. जेवण

या वाइनला जेवण हवं, नुसती प्यायली तर अर्धीच कळते. त्या भागात तिच्याबरोबर जे खातात तिथून सुरुवात करा. ऑलिव्ह तेलात हळूहळू शिजवून घट्ट केलेला खारवलेला कॉड मासा, लोग्रोन्यो शहरातल्या काये लॉरेल गल्लीतल्या तव्यावरच्या लसणीच्या मश्रूम, भाजलेला टर्बट मासा, भाजलेली कोंबडी. जुन्या वळणाच्या रेसेर्वाबरोबर धुरी दिलेलं इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज घ्या, आणि द्राक्षाच्या वाळल्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्यासुद्धा चालतात, पांढऱ्या वाइनबरोबर मटण नको म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

टाळायचं ते व्हिनेगर ओतलेलं सॅलड, लिंबू पिळलेली कच्ची शिंपली आणि जळजळीत तिखट. तिखटानं लाकडातला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. ओक नसलेली पांढरी रिओहा तिथं जास्त बरी. आणि गोड पदार्थांबरोबर अजिबात नको, वाइनमधला मधाचा वास बघून लोक ही चूक करतात आणि मग वाइन एकदम आंबट, किडकिडीत लागते.

१२. उरली तर

बूच परत लावून बाटली उभी, फ्रीजमध्ये. नव्या वळणाची दोन-तीन दिवस चांगली राहते, जुन्या वळणाची चार-पाच दिवसही आरामात, कधीकधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली. अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी झाली असेल तर छोट्या, स्वच्छ बाटलीत काठापर्यंत भरून ठेवा, हवा जितकी कमी तितकं बरं. खूप म्हातारी बाटली मात्र उरवू नका, त्याच संध्याकाळी संपवा.

दुसऱ्या दिवशी प्यायच्या आधी परत पाऊण तास बाहेर काढून ठेवायची, ही पायरी दुसऱ्या दिवशी सगळेच विसरतात. गाळाचा शेवटचा बोटभर भाग ग्लासात ओतू नका, तो मश्रूम परतताना तव्यात घाला.